घोट्यापासून घंटीपर्यंत

१६ एप्रिल २००१

डायरी लिहायची मला सवय नाही. फळ्यावर लिहायचं आणि डस्टरनं पुसायचं, यातच सगळी नोकरी सरली. पण सध्या रायपुरात ज्याला त्याला काहीतरी नवं सुरू करायची हौस आली आहे. राज्य नवं, पाट्या नव्या, साहेब नवे. आपल्या रस्त्यावरून आता लाल दिव्याच्या गाड्या जातात. मधे बसणाऱ्या गायी मात्र त्याच आहेत. म्हटलं आपणही काही सुरू करावं.

कारणही आहे. आज शाळेत परिपत्रक आलं. नव्या राज्याचं पहिलं शिक्षक-मॉडेल प्रदर्शन, तीस जूनला. जीवशास्त्रात जो पहिला येईल तो अकरावीच्या नव्या पुस्तकाच्या समितीवर. इतकी वर्षं भोपाळहून पुस्तक यायचं आणि मी त्यातल्या चुका पेन्सिलीनं दुरुस्त करून मुलींना शिकवायची. भोपाळला रायपूरची सरोजिनीबाई कोण, हे कशाला माहीत असणार? एकदा, फक्त एकदा, पुस्तकाच्या आतल्या पानावर माझं नाव छापून यावं. मग मी सुखानं रिटायर होईन.

विषय ठरला आहे. चेतापेशीत वीज कशी तयार होते. स्टाफरूममध्ये सांगितलं तर फिजिक्सचे दिवाकर सर म्हणाले, "मॅडम, करंट तर आमचा विषय आहे. तुम्ही बेडूक पाहा." मी म्हटलं, "सर, तुमचा करंट बिल भरलं नाही की जातो. माझा मेल्याशिवाय जात नाही." सगळे हसले. ते नाही हसले.

२२ एप्रिल

कुरडया घातल्या. शेजारच्या कौमुदीताई मदतीला होत्या. आमच्या ब्राह्मणपारा मोहल्ल्यात अजून तरी बायका एकमेकींच्या गच्चीवर जातात. गच्ची अशी तापली होती की पाय टेकवत नव्हता, आणि वाळवणाजवळ चप्पल चालत नाही, हा आमच्या सासूबाईंपासूनचा कायदा. आम्ही दोघी जिन्याच्या सावलीत उभ्या राहून सूचना देत होतो आणि हे भर दुपारी अनवाणी फिरून एकेक कुरडई उलटत होते. घाई नाही, उड्या मारणं नाही. बागेत फिरल्यासारखे.

"भाऊजी, पाय नाही भाजत का हो?" कौमुदीताईंनी विचारलं.

"काही नाही लागत मले," हे म्हणाले. "पायाखाली कापूस असल्यासारखं वाटून राहिलं."

कौमुदीताई मला म्हणाल्या, "भाग्यवान आहेस बाई. आमचे हे पायरीवरूनच ओरडतात." खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. रेल्वेच्या पार्सल ऑफिसात सगळा जन्म पोती मोजण्यात गेला, पण माणसाची सहनशक्ती मोठी आहे.

संध्याकाळी पाहिलं तर तळव्याला हा मोठा फोड. "अहो, हे काय?" तर म्हणे, "आँ? हे कधी झालं?" मलम लावलं. स्वतःच्या शरीराकडे लक्ष नसणं ही पुरुषांची जातच.

३ मे

मॉडेलला सुरुवात. गोल बाजारातून प्लायवूड, रंग, वायर आणि लग्नाच्या माळेतले छोटे बल्ब आणले. दुकानदारानं विचारलं, "दीदी, किसकी शादी है?" मी म्हटलं, "सोडियम की." त्यानं भाव वाढवला.

मुलींना मी असं सांगते. चेतापेशी म्हणजे तार नव्हे. तार एका टोकाला दिलेली वीज दुसऱ्या टोकाला पोचवते. चेतापेशी वीज जागोजाग स्वतः तयार करते. पेशीच्या आत पोटॅशियम जास्त, बाहेर सोडियम जास्त. आतली बाजू ऋण, बाहेरची धन. असा ताण धरून ती गप्प बसलेली असते. कोणी टोचलं, भाजलं, दाबलं की तिथली बारीक दारं उघडतात, सोडियम आत घुसतं आणि तेवढी जागा क्षणभर धन होते. तिच्यामुळे शेजारची दारं उघडतात, मग त्यांच्या शेजारची. असा आवेग घोट्यापासून वर निघतो आणि मेंदूत पोचतो. पण एक अट आहे. टोचणं ठरावीक पातळीच्या वर गेलं पाहिजे. त्याच्या खाली पेशी ढिम्म. वर गेलं की पूर्ण आवेग. अर्धामुर्धा प्रकार नाही. मुलींना म्हणते, घरातल्या बाईसारखं समजा. सोसते, सोसते, आणि मग एकदम.

हे माझ्या मागे उभे राहून ऐकत होते. म्हणाले, "मग तुही पातळी लई खाली आहे, सरोज."

मी बल्ब फेकून मारला. त्यांच्या पायाजवळ फुटला. काचेवरून चालत गेले तसेच, पाणी प्यायला. हल्ली पाणी फार पितात. उन्हाळाच तसा आहे.

१३ मे

दिवे लागतात, ओळीनं लागतात, छान दिसतात. पण श्रावणी म्हणाली, "मम्मी, ये तो दुर्गा पंडाल लग रहा है." कार्टी माझी मुलगी, मराठी सगळं समजतं, उत्तर हिंदीतच देईल. पण बोलली ते खरं. परीक्षकांना जिवंत काहीतरी दाखवायला हवं.

म्हणून साखळीचा प्रयोग. माणसं सतरंजीवर एकामागे एक बसतात, डोळे मिटून. प्रत्येकाचा हात पुढच्याच्या घोट्यावर. मी स्टॉपवॉच चालू करून शेवटच्या माणसाचा घोटा दाबते. त्याला कळलं की तो पुढच्याचा दाबतो. सगळ्यांत पुढचा देवघरातली घंटी वाजवतो. मग हेच खांद्यावर हात ठेवून करायचं. घोट्यापासून मेंदू लांब, खांद्यापासून जवळ, म्हणून घोट्याच्या वेळी जास्त वेळ लागतो. त्या फरकावरून आवेगाचा वेग काढायचा. खर्च शून्य, आणि परीक्षकसाहेबांना स्वतःलाही बसता येईल.

आज पहिल्यांदा करून पाहिलं. मागे श्रावणी, मधे हे, पुढे कौमुदीताई. मी श्रावणीचा घोटा दाबला. वाट पाहतेय, वाट पाहतेय. घंटी नाही. डोळे मिटून तिघं बसलेत, समाधी लागल्यासारखे.

"श्रावणी, दाबलास का?"

"कब का दबा दिया, मम्मी!"

"अहो!"

"काय? सुरू झालं का?" हे म्हणाले.

खांद्यावर केलं तर पहिल्या झटक्यात घंटी वाजली. म्हणजे प्रयोग बरोबर आहे. माणूस झोपतो.

२० मे

पुन्हा तेच. खांद्याला ठीक, घोट्याला साखळी यांच्यापाशी येऊन थांबते. श्रावणीला म्हटलं जोरात दाब. तिनं इतकं दाबलं की तिचीच बोटं पांढरी पडली. हे शांत.

मग माझी पातळी ओलांडली. बोलले जे तोंडाला येईल ते. म्हटलं, तुमचं माझ्या कशातच लक्ष नसतं. तुमच्या बदलीसाठी मी गोंदियाची नोकरी सोडून आले, तुमच्या आईचं केलं, आणि आज मी फक्त इतकं म्हणते की पायाला हात लागला की पुढच्याला दाबा, तर तेवढंही होत नाही?

"मले खरंच समजून नाही राहिलं, सरोज," हे म्हणाले. "तू काहून चिडून राहिली? पायात जरा..."

"पायात कापूस! माहीत आहे. डोक्यातही तोच असेल."

कौमुदीताई समोर होत्या. बोलायला नको होतं तसं. हे उठून गच्चीवर गेले आणि बराच वेळ खाली आले नाहीत. खाली आले तेव्हा म्हणाले, "पुढच्या खेपेला जमेल. तुयं पुस्तक अडणार नाही माह्यापायी."

पुस्तकाचं मी काही बोललेच नव्हते. कुठून कळतं यांना कोण जाणे.

२७ मे

जमलं! काय सांगू, जमलं!

कौमुदीताई भाच्याच्या लग्नाहून वर्ध्याहून परतल्या, कोपरापर्यंत हिरवा चुडा भरून. बसायची वेळ आली तर हे म्हणाले, "आज वहिनीले माह्या मागं बसव. पोट्टी पुढं." म्हटलं बसा. घोटा दाबला, आणि खटाखट घंटी! पुन्हा केलं, पुन्हा घंटी. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. रागावण्याचा उपयोग होतो. मुलींच्या बाबतीतही माझा हाच अनुभव आहे.

एकच अडचण. कौमुदीताईंच्या बांगड्या फार वाजतात. डोळे मिटून शांतपणे करायचा प्रयोग, आणि मधे किणकिण. मी म्हटलं, "ताई, प्रयोगापुरत्या उतरवा ना." तर त्यांच्याआधी हेच उसळले, "सवाष्णीले लग्नाचा चुडा काढाले लावतेस? शिकली-सवरली ना तू?" कौमुदीताईंनीही कानाला हात लावले. लग्नाचा चुडा आपणहून उतरवायचा नसतो म्हणे. बरं बाई, राहू दे. बांगड्यांचा आणि सोडियमचा काय संबंध?

१० जून

हे गोल बाजारात गेले आणि एका पायात चप्पल घालून परत आले. दुसरी कुठे पडली ते माहीतच नाही! सगळा बाजार हिंडले म्हणे तसेच. श्रावणी आणि मी हसून हसून लोळलो. हेही हसले. मग म्हणाले, "सरोज, प्रदर्शन झालं की एकदा दवाखान्यात जाऊन येऊ. सहज." म्हटलं हो, जाऊ. यांना थोडी शुगर आहे, पण आजकाल कोणाला नसते? कारल्याचा रस देते मी अधूनमधून.

दिवाकर सर एकेकाचे वेगळे घेतलेले आकडे पाहायला आले होते. मान वाकडी करून म्हणाले, "बाकी सबका टखने का टाइम ज़्यादा है, कंधे का कम. भैया का दोनों बराबर. ये कैसे?" मी म्हटलं, "सराव." फिजिक्सवाल्यांना शंका काढल्याशिवाय चैन पडत नाही. खरं तर घोट्याच्या बाबतीत आमच्या घरात सगळ्यांत जलद माणूस आता हेच आहेत.

२९ जून

उद्या प्रदर्शन. सगळं तयार. एक गोष्ट लिहू की नको, असं चाललं आहे. लिहिते.

आज हे सकाळी उठून गोल बाजारात गेले आणि दोन डझन काचेच्या बांगड्या घेऊन आले. मला वाटलं, चला, उद्याच्या निमित्तानं माणसाला सुचलं. तर त्या कौमुदीताईंसाठी! "वहिनीच्या फुटल्या ना बऱ्याच," म्हणाले. "उद्या हात भरलेला पाहिजे." स्वतः नेऊन दिल्या. त्यांच्याकडून मापही आधीच विचारून घेतलं होतं.

माझ्या हातात एकेक पाटली आणि घड्याळ. फळ्यावर लिहिताना आवाज नको म्हणून मी कधी काच घातली नाही, आणि यांनी कधी आणली नाही. आता या वयात काय बोलायचं? पण झोप येणार नाही आज. त्यांना आपल्या मागे बसवायचा हट्ट, चुडा उतरवू न देणं, आणि आता हे. प्राणिशास्त्र शिकवते मी, आंधळी नाही.

३० जून

पहिला नंबर!

हॉल भरला होता. पंखे नुसते फिरत होते, हवा लागत नव्हती. मॉडेलचे दिवे लागले, मी बोलले, हिंदीत, न अडखळता. मग सतरंजी अंथरली, चपला काढून तिघं बसले. घोटा दाबला, घंटी वाजली. टाळ्या! परीक्षकसाहेब स्वतः येऊन श्रावणीच्या पुढे बसले. त्यांच्या वाट्याला घंटी दिली. लहान मुलासारखे हसत होते. म्हणाले, "मॅडम, यही तो चाहिए नए राज्य को."

थोडी गडबड झालीच. चार्टची एक ड्रॉइंग पिन कुठे पडली ती सापडेना, कोपरा लोंबत राहिला. आणि सतरंजीवर लाल ठिपके पडले होते, कोणीतरी पान खाऊन आलं असणार. नव्या राजधानीतही लोक सुधारणार नाहीत. मी घाईनं सतरंजीचा तो भाग दुमडून टाकला.

यांनी दिवसभर इतकी धावपळ केली, खुर्च्या लावल्या, सगळ्यांना पाणी दिलं. बक्षिसाच्या वेळी सगळ्यांत मागे उभे राहून टाळ्या वाजवत होते. मी पाहिलं. बांगड्यांचा राग जरा कमी झाला. सगळा नाही.

३ जुलै

आज सगळं लिहिते.

काल यांना थंडी वाजून ताप भरला. आज सकाळी श्रावणी पाय चेपायला बसली आणि किंचाळली. "मम्मी! पापा के पैर में तुम्हारी वाली पिन है!"

पितळेची ड्रॉइंग पिन. पूर्ण आत, अंगठ्याशेजारच्या बोटाखाली, फक्त चकती दिसत होती. भोवती सगळं काळंनिळं, आणि वास. त्या पायानं हे तीन दिवस चालले, चप्पल घालून, काढून, जिना चढून-उतरून.

डॉक्टर निरंजन आपल्यातलेच, कौमुदीताईंच्या माहेरच्या नात्यातले. त्यांनी पिन काढली. हे छताकडे पाहत होते. मग डॉक्टर म्हणाले, "काका, डोळे मिटा. पायाला हात लागला की 'हो' म्हणा." कापूस फिरवला. हे गप्प. बोटानं दाबलं. गप्प. सुई टोचली, चांगली टोचली, रक्ताचा थेंब आला. मी तोंडावर पदर धरला.

हे डोळे मिटूनच म्हणाले, "सुरू केव्हा करता, डॉक्टरसाहेब?"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, आणि हे मी खरंच म्हणाले, "असं कसं? आमच्या प्रयोगात यांचा घोटा सगळ्यांत जलद आहे. आकडे आहेत माझ्याकडे. पहिलं बक्षीस आहे."

मग हे म्हणाले, हळूच, "वहिनीच्या बांगड्या वाजत होत्या, सरोज."

६ जुलै

ते बोट काढलं. डॉक्टर म्हणतात, वेळेवर आलात, नाहीतर पाऊल गेलं असतं. वेळेवर! गच्चीवर फोड आला तेव्हा एप्रिल होता.

मला समजावून सांगत होते ते, चित्र काढून. "काकू, जास्त साखरेनं या नसा मरतात, आधी पायाच्या. टोचलं तरी सिग्नल तयारच होत नाही." मी मान डोलावत होते. अकरावीच्या पुस्तकातलं चित्र, माझ्याच समोर. सव्वीस वर्षं मी ते डोळे मिटून काढत आले आहे.

संध्याकाळी दिवाकर सर मोसंबी घेऊन आले. बसले, उगाच पंख्याकडे पाहिलं. मला वाटलं आता करंटबद्दल काही बोलणार. नाही बोलले. जाताना यांच्या बिछान्यापाशी उभे राहून म्हणाले, "भैया, आपने कान से सुनकर दबाया, इसीलिए दोनों टाइम बराबर आए. बड़ी मेहनत की." हे लाजले. मी मोरीत जाऊन नळ सोडून रडले.

१९ जुलै

प्रदर्शनवाल्यांच्या ऑफिसात गेले. सांगितलं, माझे आकडे चूक आहेत, साखळीतल्या एका माणसाला घोट्याचं काही कळत नव्हतं, तो आवाज ऐकत होता, बक्षीस परत घ्या. साहेबांनी चहा मागवला. म्हणाले, "मॅडम, फोटो छप चुका है. अब वापस कैसे लें?" आणि समितीचं पत्र हातात दिलं. मला लिहायला धडा मिळाला आहे. कुठला? चेतासंस्था. मला हसू आलं आणि ते थांबेना. साहेब घाबरले, म्हणाले, पाणी घ्या.

घरी येऊन यांना सांगितलं. म्हटलं, समितीला नाही म्हणून आले. हे उठून बसले. पाय उशीवर, पट्टी बांधलेली, आणि माझ्यावरच ओरडले, "काहून? माहं बोट गेलं ते काय फुकट गेलं का? जा, हव म्हणून ये!" मग म्हणाले, "त्यात लिही ना. पायाले समजत नसंल तर बायकोले सांगा म्हणून."

"आणि बायकोला समजत नसेल तर?"

"तर बांगड्या ऐका," म्हणाले, आणि हसले. मला नाही हसता आलं.

उद्या जाऊन हो म्हणून येणार आहे.

१७ ऑगस्ट

श्रावणातला शेवटचा शुक्रवार. कौमुदीताईंकडे हळदीकुंकू होतं. त्यांनी मला धरून बसवलं आणि दोन्ही हात भरले, हिरव्या काचेनं. त्या दोन डझनातल्याच उरलेल्या बांगड्या. "भाऊजींनीच सांगून ठेवलं होतं," म्हणाल्या. "सरोजले भर म्हणे, एखाद्या दिवशी. तिले मी दिल्या तर घालणार नाही." मी घातल्या. घड्याळ काढून ठेवलं.

जखम भरत आली आहे. रोज संध्याकाळी डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे तळवे पाहते, बोटांच्या मधे पाहते, मग डोळे मिटायला लावून कापूस फिरवते. रोज हे गप्प असतात, आणि रोज शेवटी विचारतात, "झालं?" मी म्हणते, झालं. धडाही निम्मा लिहून झाला आहे. 'पातळी' या शब्दापाशी अडले आहे.

आज घरी येऊन तशीच बसले, त्यांचे पाय मांडीवर घेतले. "मिटा डोळे," म्हटलं. त्यांनी घट्ट मिटले, प्रदर्शनात मिटले होते तसे. मी कापूस घ्यायला वळले तर हातभर बांगड्या वाजल्या.

"हव," हे म्हणाले. "समजलं."

चेहऱ्यावर असा आनंद! मी हात अजून लावलाच नव्हता.

"बरोबर," मी म्हणाले. मग बांगड्या न वाजवता, हळूच, तळव्यावर हात ठेवला. दाबून धरला. ते डोळे मिटून वाट पाहत राहिले.